मुक्तिसदनचे मराठी बायबल : प्रार्थनेच्या एका साक्षीची चिकित्सा

राधानगरी येथे एका संग्राहक स्नेह्यांकडील जुनी बाडे चाळीत असता, पोथ्यांच्या ढिगाच्या तळाशी एक जाड, सैल बांधणीचा मुद्रित ग्रंथ आमच्या हाती आला. पंडिता रमाबाई सरस्वती यांनी केडगावच्या मुक्तिसदनात भाषांतर करून तेथेच छापविलेल्या मराठी बायबलाची ती प्रत होती. स्नेह्यांनी पोथ्यांस रुमाल बांधून नीट ठेविले होते; हा ग्रंथ मात्र 'पाद्र्यांचे छापील पुस्तक' म्हणून रद्दीच्या वाटेवर होता. हस्तलिखित तेवढे साधन आणि छापील ते टाकाऊ, ही आम्हां संग्राहकांची जुनी खोड आहे. तिच्यापायी कोणते साधन हातचे जाऊ पाहत होते हे दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

कोल्हापूर प्रांती असा ग्रंथ आढळावा यात नवल नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर हे अहमदनगरहून १८५२ साली कोल्हापुरास आले. पुढे अमेरिकेतील बोर्डाने कोल्हापूरच्या कामाचा आधार काढून घेतला, तरी वाइल्डर १८६१ साली स्वतःच्या हिमतीवर परत आले आणि १८७० साली प्रेसबिटेरियन बोर्डाने ते काम आपल्याकडे घेईपर्यंत कोणत्याही मोठ्या संस्थेच्या पाठबळावाचून त्यांनी ते चालविले. त्यांचे पुत्र रॉबर्ट यांचा जन्म १८६३ साली कोल्हापुरासच झाला. पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांची जी स्वयंसेवक चळवळ निघाली तिच्या प्रवर्तकांत रॉबर्ट यांची गणना होते. सारांश, 'माणसाच्या हिशेबात न बसणारे काम प्रार्थनेच्या बळावर अंगावर घ्यावे' ही वृत्ती या प्रांतास परकी नव्हती. परंतु या वृत्तीचा मराठीतील सर्वांत ठळक व कागदोपत्री तपासता येण्याजोगा दाखला म्हणजे पंडिता रमाबाईंचाच होय.

प्रथम साधनांविषयी. रमाबाईंनी आपल्या श्रद्धेची हकीकत १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनात सांगितली आहे. इंग्लंडातील सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेविलेला त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादून १९७७ साली प्रसिद्ध केला. यांपैकी पत्रे त्या त्या प्रसंगी लिहिलेली आहेत. आत्मनिवेदन घटनांनंतर पुष्कळ वर्षांनी, इतरांच्या श्रद्धेस बळकटी यावी या हेतूने लिहिलेले आहे. यास्तव दोहोंची किंमत एक धरता येत नाही. आत्मनिवेदनावरून रमाबाईंस आपल्या आयुष्याचा अर्थ कसा लागला हे कळते. पत्रांवरून तो अर्थ लागण्यापूर्वीची त्यांची झटापट कळते. चिकित्सकाने दोन्ही समोर ठेवावीत.

रमाबाई भोळ्या श्रद्धेच्या होत्या असा एक समज आढळतो. पत्रे त्यास पुष्टी देत नाहीत. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर चेल्टनहॅमच्या विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील व सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व आदि मुद्द्यांवर त्यांनी केलेला वाद एखाद्या शास्त्रार्थास शोभेल असा आहे. जे बुद्धीस पटले नाही ते केवळ गुरुजन सांगतात म्हणून मानण्यास त्या तयार झाल्या नाहीत. आपणांस प्रथम ख्रिस्ती धर्म सापडला व ख्रिस्त पुष्कळ पुढे सापडला, अशी कबुलीही त्यांनी आत्मनिवेदनात दिली आहे.

त्यांच्या प्रार्थनेचे मोल कळण्यास त्यांचे बालपण पाहिले पाहिजे. २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविले व लक्ष्मीबाईंनी ते रमेस शिकविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणे सांगे. म्हणजे रमाबाईंचा पिंड पोथीवरच पोसलेला होता. पुढे मोठा दुष्काळ आला. व्रते, उपवास, दानधर्म, तीर्थस्नाने यांत गाठची सारी पुंजी संपली तरी संकट टळले नाही. उपासमारीची परमावधी झाली तेव्हा वृद्ध पित्याने जलसमाधी घेण्याचे ठरविले. त्या वेळी मोलमजुरी करून आपण सर्वांस पोसू असे म्हणून भाऊ श्रीनिवास यांनी त्यांस परावृत्त केले, असे रमाबाईंनी लिहिले आहे. पुढे त्याच दुष्काळात माता, पिता व थोरली बहीण दगावली. १८८० साली श्रीनिवास वारले. त्याच वर्षी विवाह झालेले पति बिपिन बिहारी मेधावी १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने गेले, आणि तान्ह्या मनोरमेसह रमाबाई एकट्या उरल्या. याचना करूनही दार उघडत नाही हा अनुभव ज्या व्यक्तीने इतका घेतला, तिने उत्तरवयात प्रार्थनेवर भार टाकावा, हे सहज घडलेले नाही. आणि श्रीनिवासांचे ते उत्तर, म्हणजे हाताने कष्ट करण्याची तयारी, रमाबाई विसरल्या नसाव्यात असे त्यांच्या पुढील वर्तनावरून आम्हांस वाटते.

मुंबईस ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी शारदासदन उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. तेथील १८९३ च्या वादाचे मूळ प्रार्थनेतच होते ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, खोलीचे दार उघडे असे, व काही मुली आपण होऊन येऊन बसत. धर्माच्या बाबतीत तटस्थतेचे वचन दिलेल्या संस्थेत हे चालावे काय, असा प्रश्न उत्पन्न झाला. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, 'केसरी'ने कडक टीका केली, व वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. दोन्ही पक्षांस आपापली बाजू होती. विधवांच्या शिक्षणास मनःपूर्वक साह्य करणाऱ्या रानडे-भांडारकरांचा वचनभंगाचा आक्षेप हलका मानता येत नाही. आणि मी माझ्या खोलीचे दार का लावावे, हा रमाबाईंचा प्रश्नही तसाच मानता येत नाही. एवढे मात्र खरे की, या घटनेने त्यांचा पुण्यातील आधार तुटला. ज्या प्रार्थनेचा पुढे गौरव झाला तिची किंमत त्यांनी आधी भरली होती.

यानंतरची हकीकत अधिक विलक्षण आहे. १८९६ साली लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती मेळाव्यात आपल्या बरोबरच्या ख्रिस्ती झालेल्या मुली रमाबाईंनी मोजल्या. त्या १५ भरल्या. या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे २२५ मुली मिळाव्यात, अशी प्रार्थना त्यांनी केली. लगेच मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या व अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. त्यांची संख्या तीनशेच्या आसपास गेली. त्याच काळात पुण्यात प्लेग असल्याने सरकारने त्या मुली शहरात ठेवू दिल्या नाहीत, म्हणून दौंडनजीक केडगाव येथील आपल्या शेतजमिनीवर त्यांनी छपरे उभारली. मुक्तिसदन हे असे उभे राहिले. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजराथेतूनही मुली आल्या व वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

येथे चिकित्सकाने थांबले पाहिजे. मागितलेल्या संख्येहून अधिक मुली मिळाल्या हे खरे. पण त्या दुष्काळाने मिळाल्या. असंख्य घरांच्या नाशास एका प्रार्थनेचे उत्तर म्हणणे आमच्या मनास जड जाते, आणि रमाबाईंनीही दुष्काळ मागितला नव्हता. आमच्या मते या प्रसंगाचे बीज अन्यत्र आहे. दुष्काळाची वार्ता सर्वांच्या कानी आली होती. पण लहानपणी स्वतः त्या आगीतून गेलेली, आणि आपणांस पुष्कळ मुली सांभाळावयाच्या आहेत असे आधीच ठरवून बसलेली व्यक्ति ती वार्ता ऐकून घरी बसू शकत नव्हती. संख्या मागताना त्यांनी स्वतःस त्या संख्येच्या भारास बांधून घेतले होते.

द्रव्याचीही गोष्ट अशीच आहे. जॉर्ज म्यूलर, चीनमधील इनलँड मिशन व जॉन पेटन यांची वृत्ते वाचून, कोणाकडे न मागता केवळ देवावर विसंबून संस्था चालविणे हिंदुस्थानात शक्य होईल काय, असा विचार आपल्या मनात आला, असे रमाबाई लिहितात. तथापि १८८७ साली बोस्टन येथे स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन, त्यांची देशोदेशीची पत्रे, व 'मुक्ति प्रेयर बेल' हे मुक्तिसदनाचे इंग्रजी पत्र, ही मदत येण्याची मानवी साधने होतीच. त्यांचा उल्लेख गाळून केवळ चमत्कार सांगणारा चरित्रकार रमाबाईंच्या कष्टांस न्याय देत नाही. आणि केवळ ही साधने मोजून प्रार्थना गाळणारा लेखक, दोन हजारांचे अन्न उद्या कोठून येईल हे ठाऊक नसता एक बाई शांतपणे कशी झोपत असेल, याचे उत्तर देऊ शकत नाही.

आता प्रस्तुत ग्रंथाकडे येऊ. मराठी बायबल रमाबाईंपूर्वी होते. श्रीरामपुरास विल्यम केरी यांनी आरंभिलेले काम व मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ साली काढलेला नवा करार आमच्या वाचकांच्या परिचयाचे आहेत. रमाबाईंचा आक्षेप भाषेवर होता. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातील अशिक्षित बायकांस कळत नाही, आणि तिच्यातील कित्येक शब्दांस जुन्या धर्मकल्पना चिकटलेल्या आहेत, असे त्यांचे मत होते. हे मत संस्कृतात आकंठ बुडालेल्या पंडितेचे आहे, हे विसरता कामा नये. जी भाषा त्यांचे वैभव होती, तीच त्यांनी दूर ठेविली.

यासाठी पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला. मराठी वाचकांस हिब्रू शिकता यावी म्हणून व्याकरणही छापिले. भाषांतराचे काम सुमारे पंधरा ते अठरा वर्षे चालले. मुक्तिसदनातील मुलींनीच खिळे जुळविले, मुद्रिते काढली, छापले व बांधणी केली. दुष्काळात उचलून आणिलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या मुलींच्या हातून हिब्रू व ग्रीक खिळे जुळविले जाणे, ही मराठी मुद्रणाच्या इतिहासात नोंदण्याजोगी गोष्ट आहे. अशक्य म्हणावयाचे तर आम्ही प्रथम यास म्हणू.

शेवटची वर्षे कठीण गेली. कान अधू झाले होते. ज्या मनोरमेने पुढे कारभार पाहावयाचा ती १९२१ च्या जुलैत वारली. उरलेली मुद्रिते तपासावयाची होती. परंपरा असे सांगते की, छातीच्या विकाराने आजारी पडल्यावर रमाबाईंनी आणखी दहा दिवसांची मुदत देवाकडे मागितली, तेवढ्यात शेवटचे मुद्रित तपासून संपविले, व ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात, १९२४ साली बाहेर पडला.

ही दहा दिवसांची कथा भक्तांच्या मुखातून आली आहे. दिवसांचा नेमका आकडा श्रद्धेने घोटून गोल केला असणे संभवते. आम्ही तिच्यावर हट्ट धरीत नाही. परंतु काम पुरे झाले व त्याच सुमारास देह पडला, एवढे निश्चित आहे. आजारी माणसाने आयुष्य मागावे हे नेहमीचेच. येथे मागणी मुद्रिते पुरी होण्यापुरती आहे. लेखनकाम केलेल्या कोणासही ही मागणी ओळखीची वाटेल. पोथीच्या अखेरीस हात, कंबर व डोळे मोडून लिहिले, तरी ग्रंथ जपा, अशी विनवणी लेखक करीत, तिचीच जात ही आहे.

या ग्रंथाचा प्रसार फार झाला नाही. चर्चमध्ये बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले, आणि मुक्तिसदनची प्रत दुर्मिळ होत गेली. ख्रिस्ती घरांत ती वापराने झिजली. इतरांच्या घरी ती परधर्माची म्हणून अडगळीत पडली. तिच्या मराठीचा तौलनिक अभ्यास, विशेषतः कोणते रूढ शब्द टाळिले व त्यांच्या ठिकाणी कोणते घातले याची सारणी, एखाद्या अभ्यासकाने अवश्य करावी.

प्रार्थनेने अशक्य ते शक्य होते काय, याचा निवाडा इतिहाससंशोधकाच्या कचेरीत होत नाही. आमच्या हाती असते ते एवढेच: कोणी काय मागितले, त्यासाठी काय सोसले व केले, आणि मागे काय उरले, हे प्रामाणिकपणे नोंदविणे. या प्रकरणी मागणे नोंदलेले आहे, कष्ट नोंदलेले आहेत, आणि मागे उरलेली वस्तु राधानगरीस आमच्या हातात होती. स्नेह्यांनी आमच्या विनंतीवरून तो ग्रंथ रद्दीतून काढून पोथ्यांच्या कपाटात ठेविला व त्यास तांबडा रुमाल बांधिला. ज्या संग्राहकांजवळ मुक्तिसदनच्या छापखान्यातील बायबल, व्याकरणे, पत्रके वा हस्तलिखित टिपणे असतील, त्यांनी ती निदान तेवढ्या आस्थेने जपावीत व त्यांचे वर्णन मंडळाकडे पाठवावे, अशी विनंती आहे.