मांड आणि बकेट सीट

शर्यतीच्या गाडीतल्या आसनाला गॅरेजमध्ये ‘बकेट सीट’ म्हणतात. फ्रेंच भाषेत तिला ‘सिएज बाके’ असे नाव आहे, आणि ‘बाके’ म्हणजे लहानसा टब. जर्मन लोक तिला ‘शालेनझिट्स’ म्हणजे कवचाचे आसन म्हणतात. तिन्ही नावांमागचे निरीक्षण एकच: या आसनावर नुसते बसत नाहीत, त्यात शिरतात. खांदे, बरगड्या आणि मांड्या यांना दोन्ही बाजूंनी उंच काठ असतो. पाठ आणि बैठक मिळून बहुधा एकच सांधा नसलेले कवच असते.

या काठांचे काम मराठीला घोड्यावरून फार पूर्वी ठाऊक होते. स्वाराची ‘मांड पक्की’ असली की हात लगामासाठी मोकळे राहतात. मांड सुटली की तोच हात आयाळ धरतो आणि घोडा ताब्यात राहत नाही. मोटारीतही हेच होते. चांगल्या टायरची स्पोर्ट्स कार वेगाने वळते तेव्हा ७० किलोच्या चालकाला जवळपास त्याच्या वजनाइतका आडवा रेटा बसू शकतो. सपाट सीटवर तो गुडघा दाराला टेकवतो आणि स्टिअरिंगला लोंबकळतो. ज्या हातांनी चाकांची पकड जोखायची, तेच हात आधार शोधू लागतात. बकेट सीट ही मांड गाडीकडून पुरवते.

अहिल्यानगर जिल्ह्यात घोडा आणि यंत्र यांचा हा दुवा आजही बोलीत आहे. नगरचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल रणगाडा दळाची माणसे घडवते, आणि त्या दळातला साधा सैनिक अजूनही ‘सवार’च म्हणवतो. भारतीय घोडदळाच्या यांत्रिकीकरणाला १९३८ मध्ये सुरुवात झाली. खोगिरे गेली, हुद्द्यांची नावे राहिली. १९९४ मध्ये उघडलेल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात या बदलाची वाहने पाहता येतात.

मोटारीची पहिली आसने घोडागाडीच्या बाकाची वारसदार होती: लाकडी चौकट, स्प्रिंगा आणि वर कातडे. शर्यतीतले चालकही पट्टा बांधत नसत. गाडी उलटली किंवा पेटली तर बाहेर फेकले जाणेच बरे, असा समज अनेकांत पक्का होता. तो मोडायला विमाने कारणी लागली. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांत वैमानिकाचे आसन खरोखरच बादलीसारखे खोल असे. त्या खळग्यात पॅराशूटची घडी बसे आणि तीच गादी होई. वैमानिक खांद्यांवरून आणि कमरेवरून येणाऱ्या पट्ट्यांनी जखडलेला असे.

जखडलेले शरीर किती सोसू शकते, याचे उत्तर अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी स्वतःच्या अंगावर घेतले. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोत रुळांवरून धावणाऱ्या रॉकेटगाडीत ते बसले. ताशी सुमारे १,०१७ किलोमीटरच्या वेगावरून गाडी १.४ सेकंदांत थांबली आणि स्टॅप यांच्यावर गुरुत्वाच्या ४६.२ पट भार आला. डोळ्यांत रक्त उतरले, पण ते वाचले. आसन आणि पट्टे धरून राहिले तर माणूस समजुतीपेक्षा कितीतरी अधिक सोसतो, हे या धाडसी प्रयोगाने दाखवले. १९५९ मध्ये व्होल्व्होच्या निल्स बोहलिन यांचा तीन बिंदूंचा पट्टा मोटारीत आला. फॉर्म्युला वनमध्ये पट्टा सक्तीचा व्हायला मात्र १९७२ उजाडले.

सीट ही गाडीपासून वेगळी विकत घेण्याची वस्तू झाली, त्यात श्टुटगार्टच्या एका कारखान्याचा मोठा वाटा आहे. विल्हेल्म रॉयटर यांनी १९०६ मध्ये तो काढला. पुढे तिथे पोर्शच्या ३५६ गाडीचे सांगाडे तयार होऊ लागले. १९६३ मध्ये सांगाड्यांचा कारखाना पोर्शने घेतला आणि मूळ कंपनीकडे सीटचे काम राहिले. ‘रॉयटर’ आणि ‘कारोसेरी’ यांची आद्याक्षरे जोडून ‘रेकारो’ हे नाव घडले. १९६५ च्या फ्रांकफुर्ट प्रदर्शनात या कंपनीने गाडीत मागाहून बसवता येईल अशी स्पोर्ट सीट मांडली.

मागाहून बसवण्याच्या कामात कवचापेक्षा त्याखालच्या पट्ट्या, रेल आणि बोल्ट यांना अधिक महत्त्व आहे. मूळ सीट चार बोल्टवर असते, म्हणून काम सोपे वाटते. पण तिच्या पोटात बाजूची एअरबॅग, पट्टा ताणणारे यंत्र आणि तारा असू शकतात. त्यामुळे आधी बॅटरीची ऋण तार काढून उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबावे लागते. मग गाडीच्या मूळ छिद्रांवर बसणारा पाया, त्यावर गरज असल्यास रेल, त्यावर बाजूच्या पट्ट्या आणि शेवटी कवच अशी उतरंड रचतात. आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा महासंघाच्या नियमांनुसार बोल्ट किमान ८ मिलिमीटरचे आणि पोलादी आधार किमान ३ मिलिमीटर जाडीचे लागतात. फरशीच्या पत्र्याला नवे छिद्र पाडले तर खालून जाड पट्टी द्यावी लागते. नुसता वायसर पातळ पत्रा फाडून वर येऊ शकतो.

हे आकडे कशासाठी, ते साध्या गुणाकाराने कळते. मागून जबर धडक बसली की चालक पाठीवर रेलतो आणि त्याचा भार सीटमधून पायापर्यंत जातो. ७० किलोचा माणूस आणि १० किलोचे कवच यांवर गुरुत्वाच्या २० पट धक्का आला तर तो १,६०० किलो वजनाइतका होतो. एखादा निकृष्ट बोल्ट किंवा घाईत मारलेले वेल्डिंग इथे उघडे पडते.

पट्ट्यांचा हिशोबही तितकाच काटेकोर. खांद्याचे पट्टे मागे आडव्या रेषेच्या जवळपास गेले पाहिजेत. फार खाली ओढले तर धडकेत तेच पाठीचा कणा दाबतात. कमरेचा पट्टा हाडावर बसावा, पोटावर नाही. मांड्यांमधून येणारा पट्टा शरीराला पुढे, कमरपट्ट्याखाली घसरू देत नाही. छताखाली पिंजरा नसताना असा पक्का हार्नेस बांधला, तर गाडी उलटून छत दबल्यावर चालकाला बाजूला झुकता येत नाही. रस्त्यावरच्या गाडीत मूळ तीन बिंदूंचा पट्टाच ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

कारखान्यातून निघणाऱ्या गाडीची सीट अशा भारांखाली तपासलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या १७ क्रमांकाच्या नियमात पाठीला ५३० न्यूटन-मीटरचा पीळ आणि गुरुत्वाच्या २० पट धक्का सोसावा लागतो. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार नव्या वाहनाचे नमुने मान्यताप्राप्त संस्थांकडे तपासणीला जातात. त्यांतली एक नगरच्या वाहननगरात आहे: संरक्षण संशोधन संघटनेची वाहन संशोधन आणि विकास संस्था, व्हीआरडीई. तिचे मूळ १९२९ मध्ये रावळपिंडीजवळच्या चकलाला येथे निघालेल्या लष्करी वाहन-तपासणी कचेरीत आहे. फाळणीच्या वर्षी, १९४७ मध्ये, ती नगरला आली.

बाजारातून आणून बसवलेल्या सीटच्या मागे त्या विशिष्ट गाडीसाठीची अशी तपासणी सहसा नसते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. शर्यतीसाठी महासंघाची मान्यता असलेली सीट घेतली तरी तिला मुदत असते: ८८५५-१९९९ या मानकाची सीट उत्पादनापासून ५ वर्षे, ८८६२-२००९ ची १० वर्षे. तारखेचे लेबल कवचावरच चिकटवलेले असते, आणि जुनी सीट विकत घेताना ते आधी पाहावे लागते.