शिबिराकडून दृष्टी केंद्राकडे

आजचा प्रश्न सोपा आहे. डॉक्टर शहरात, पेशंट खेड्यात, आणि तरीही डोळ्यांची तपासणी होते. हे जमलं कसं? तामिळनाडूचं उदाहरण घेऊन आपण पाहू.

1976 साली दोन गोष्टी घडल्या. केंद्र सरकारने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी मदुराईत 11 खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय उघडलं. पुढे बरीच वर्षं खेड्यांपर्यंत पोचण्याचा अरविंदचा मुख्य मार्ग म्हणजे नेत्रशिबिर. मोतीबिंदूच्या पेशंटसाठी तो चांगलाच. पण 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं, की डोळ्यांचा त्रास असलेल्यांपैकी शंभरातले सात जणही शिबिराला येत नव्हते. आता बघा, शिबिर एका दिवसाचं. त्या दिवसाची मजुरी बुडणार, शिवाय म्हाताऱ्या माणसाबरोबर कुणीतरी हवंच.

म्हणून गावाजवळ, कायम उघडी राहणारी दृष्टी केंद्रं आली. तिथे डॉक्टर नसतो. रुग्णालयाने शिकवून तयार केलेली, बहुधा खेड्यातूनच आलेली मुलगी स्लिट लॅम्पवर डोळा तपासते, चष्म्याचा नंबर काढते. मग डॉक्टर कॅमेऱ्यावरून पेशंटशी बोलतात.

अडचण होती जोडणीची. थेनीच्या आसपास भरवशाचं इंटरनेट नव्हतं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एरिक ब्रुअर यांच्या गटाने साधं वायफाय निवडलं. ते मुळात घरा-कचेरीपुरतं. अंतर वाढलं की 'निरोप मिळाला' ही पोच उशिरा येते, आणि यंत्र तोच निरोप पुन्हा पाठवत बसतं. मग दोन्ही टोकांना बोलायच्या वेळा वाटून दिल्या, उंच मनोऱ्यांवर समोरासमोर अँटेना बसवल्या. 2006 साली थेनीचं रुग्णालय पाच केंद्रांशी जोडलेलं होतं. पुढे सगळ्यात जास्त छळलं ते विजेने! दाब वरखाली झाला की उपकरणं बसायची.

शस्त्रक्रिया पडद्यावरून होत नाही. मोतीबिंदू पिकला की रुग्णालय गाठावंच लागतं. पण ज्याला फक्त चष्मा किंवा औषध हवं, त्याची खेप वाचली. आणि कुणाला पुढे पाठवायचं याची पहिली पारख स्लिट लॅम्पपाशी बसलेल्या मुलीचीच. तिच्या नजरेतून जे सुटेल, ते डॉक्टरांपर्यंत पोचणं अवघड. म्हणून या इतिहासात मनोऱ्यांइतकंच तिच्या प्रशिक्षणालाही आपण स्थान द्यायला हवं.