तंग : घोडदळाचा दुर्लक्षित पट्टा (थ्रेड)

मारुंजी-हिंजवडीच्या रस्त्यांवर आता घोडा दिसतो तो बहुधा लग्नाच्या वरातीत. साऱ्यांच्या नजरा नवरदेवाच्या फेट्याकडे असतात. घोड्याच्या पोटाखालून आवळलेल्या पट्ट्याकडे कोणी पाहत नाही. त्या पट्ट्याला तंग म्हणतात. मराठ्यांच्या घोडदळाची मदार याच वस्तूवर होती. तंग सरकला तर स्वार खाली. काचला तर घोडा निकामी.

सभासद बखरीतील लष्करी क्रम प्रसिद्ध आहे : पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला कूच, पुढे आठ महिने परमुलखात. छावणीत उभ्या राहिलेल्या घोड्याचे पोट सुटते, कातडी मऊ पडते. त्यामुळे धोका लढाईच्या आधीच, पहिल्या काही मजलांतच असे. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा. शिलेदाराचा मात्र स्वतःचा. कोपरामागे रुपयाएवढी जखम झाली, तरी शिलेदाराची रोजी अडचणीत येई.

म्हणून धाग्याची निवड महत्त्वाची. सूत घाम शोषते, पण वाळलेल्या घामाच्या क्षाराने ताठ होते. अंबाडीची दोरी मजबूत, पण खरखरीत. लोकर मऊ आणि लवचिक. ती ताणली जाते, एवढाच तिचा दोष. मेक्सिकोमार्गे अमेरिकी गुराख्यांकडे गेलेल्या स्पॅनिश ‘सिंचा’त घोड्याच्या केसांच्या अनेक दोऱ्या शेजारीशेजारी असतात, फटींतून हवा खेळते.

नवा तंग पहिल्याच दिवशी लांब मजलेवर नेऊ नये. तो हाताने चोळून मऊ करावा आणि काही दिवस थोड्या चालीपुरताच बांधावा. घोडा छाती फुगवून उभा राहतो. म्हणून आधी सैल बांधून, चार पावले चालवून, मग पुन्हा आवळावा. पुढचे पाय एकेक करून ओढले की तंगाखालच्या कातडीच्या सुरकुत्या निघतात. खोगीर उतरल्यावर घाम आणि कुसळे झाडलीच पाहिजेत; एक कुसळ दिवसभरात जखम करते.

‘तंग’ हा शब्द फारसी. त्याचा दुसरा अर्थ अरुंद, आवळ. तंग कपडे म्हणताना तोच शब्द तोंडी येतो. खोगिरात भरायच्या गवत-चिंध्यांवरून आलेल्या ‘खोगीरभरती’ला मात्र भाषेने निरुपयोगी ठरवले. घोड्याच्या पाठीला विचारले असते, तर उत्तर वेगळे आले असते.

मारुंजीच्या पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात, धनगरांच्या वाड्यांबरोबर भीमथडी तट्टे आजही संसार वाहतात. ते ओझेही पोटाखालून आवळलेल्या दोरीवरच तोललेले असते.