दुसरे महायुद्ध आणि देगलूर परिसर : लेव्हीच्या संदर्भात

दुसऱ्या महायुद्धाच्या (१९३९-१९४५) इतिहासात मराठवाड्याचा उल्लेख सहसा आढळत नाही. देगलूरपासून रणभूमी फार दूर होती. तथापि निजाम राजवटीतील या तालुक्याच्या घराघरांत युद्ध पोहोचले ते धान्याच्या वाटेने.

मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. निजामाचे शासन ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नांत सामील होते. शहरांना धान्य पुरविण्यासाठी त्याने शेतकऱ्यांवर सक्तीची धान्यवसुली, म्हणजेच 'लेव्ही', बसविली. खरेदीचे काम हैदराबाद कमर्शियल कॉर्पोरेशनकडे होते. सरकारी भाव खुल्या बाजारापेक्षा कमी होता. कापड, रॉकेल यांवरही नियंत्रणे आली, परंतु खरा घाव ज्वारीवर बसला.

ज्वारी हा केवळ विक्रीचा माल नव्हता. सालगड्याचे साल, बलुतेदाराचे बलुते, पुढील पेरणीचे बियाणे आणि आल्यागेल्याची भाकरी, हे सर्व एकाच पेवातून निघत असे. लेव्हीचा हिशेब मात्र जमीन आणि पीक यांवरून होई. घरात खाणारी तोंडे किती, हा प्रश्न त्यात नव्हता. परिणामी ज्याच्या नावे गुंठाभरही जमीन नव्हती, त्याच्या मजुरीलाही लेव्हीची झळ पोहोचली. कागदोपत्री व्यवहार शेतकरी आणि सरकार या दोघांचाच राहिला. पटेल-पटवाऱ्यांशी सलोखा असलेला मोठा जमीनदार त्यातून सुटू शके, अल्पभूधारकाला ते जमणे कठीण होते.

ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपले, लेव्ही संपली नाही. जुलै १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला शेजारच्या बिलोली तालुक्यात अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. पुढे रझाकारांचा काळ आला आणि सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपुष्टात आली. या भागापुरते १९४५ हे वर्ष कालखंडाची सीमा मानणे म्हणूनच योग्य ठरत नाही. मुक्तिसंग्रामाच्या लेखनात सरहद्दीवरील कॅम्प आणि सशस्त्र लढे यांना रास्त स्थान मिळाले. लेव्ही बहुधा कारणांच्या यादीत एका ओळीपुरती येते. हे अपुरे आहे.

या विषयाचा अभ्यास आजच्या तालुक्यापुरता मर्यादित ठेवता येणार नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली; आज ती तेलंगणात आहेत. शिवाय निजामकालीन राज्यकारभाराची भाषा उर्दू होती.