पेडणे-डिचोलीच्या शाळांत संगणक आला तेव्हा

मंडळाच्या बैठकीत आपण बहुधा ताम्रपट, देवळं, जुने वाडे यांवर बोलतो. आज कालपरवाचं सांगतो. तेही कुणी टिपून ठेवलं नाही तर जाणारच आहे.

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे आले. म्हणजे नव्या काबिजादीतले. इथल्या मुलाची घरी बोली, प्राथमिक शाळेत मराठी, हायस्कुलात इंग्रजी. मुक्तीनंतर गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या, अक्षर आलं. चारचौघांत उभं राहून बोलणं मात्र मागेच राहिलं. तीस वर्षं शिकवून मी हे सांगतोय.

संगणक आले 1990 च्या दशकाच्या शेवटाकडे. गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने परदेशातल्या गोमंतकीयांच्या मदतीने वापरलेले संगणक शाळांना मिळवून दिले, त्यांवर लिनक्सही चालवून पाहिलं. 2002 च्या सुमारास सरकारची सायबरएज योजना आली आणि अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक पोचला. मुलं त्यामुळे बोलकी झाली का? मी तरी पत्त्यांचा सॉलिटेअरच जास्त पाहिला.

देवनागरीची तर तऱ्हाच. एका यंत्रावर लिहिलेला निबंध दुसऱ्यावर उघडला की नुसती भलतीच चिन्हं. युनिकोड रुळेपर्यंत मुलांनी रोमीत मराठी लिहायला घेतलं होतं. सहकारी चिडत. मी म्हणे, 1616 साली राशोलला फादर स्टीफन्सचं पुराण छापलं, तेही मराठी असून रोमीत; देवनागरी खिळे होते कुठे?

खरा बदल घडवला तो मोबाईलमधल्या रेकॉर्डरने. 2020 साली शाळा बंद होत्या, रेंजसाठी मुलं टेकडीवर बसत. मी काम दिलं: घरातल्या मोठ्या माणसाला त्याच्या धंद्याबद्दल विचारा आणि रेकॉर्ड करा. प्रश्न तुमचे, उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. हे गप्प राहणंच सगळ्यांना जड गेलं.

डिचोलीकडची आठवीतली एक मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नसे. तिने बापाला विचारलं. बाप खनिजाचा ट्रक चालवायचा. 2012 साली खाणी थांबल्या तेव्हा ती चार-पाच वर्षांची. पहिल्यांदा पाठवलं ते दोन मिनिटांचं, हो-नाहीतलं. तिसऱ्या खेपेला तिने विचारलं, ट्रक विकला त्या दिवशी तुम्ही घरी कसे आलात? मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. त्यानंतर तो अकरा मिनिटं बोलला; कर्ज, हप्ते, आणि घरी कुणालाही न सांगितलेलं बरंच काही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. माझ्याशी ती आपणहून बोलली ती पहिलीच वेळ. “सर, कर्जाचें तितलें काडूंया? बाबाक बरें दिसचें ना.”

इतिहासाचा माणूस म्हणून नको म्हणावंसं वाटलं. पण मी तो भाग काढला. मंडळाच्या संग्रहात आहे ती उरलेली सात मिनिटं. पंख्याचा आवाज ठेवलाय.