बर्दियाचा हयातीचा दाखला

निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा सरकारला कळवावं लागतं, की बाबांनो, मी अजून आहे. त्यालाच हयातीचा दाखला म्हणतात. टेबलासमोर काठी टेकून उभे असलेले आजोबा चांगले बोलत असतात, पावसापाण्याचं विचारतात, पण कागद नसेल तर ते नाहीत! अशा वेळी मला हटकून इराणचा राजा बर्दिया आठवतो. त्याला असा दाखला कोणी दिला नाही. मेल्याचा दाखला मात्र मिळाला, आणि तोही त्याला मारणाऱ्याच्या हातचा.

बर्दिया हा सायरस राजाचा धाकटा मुलगा. इ.स.पू. ५३० मध्ये सायरस वारला आणि थोरला कंबायसिस गादीवर आला. त्याने इ.स.पू. ५२५ मध्ये इजिप्त जिंकलं आणि पुढे तो तिकडेच अडकून पडला. इ.स.पू. ५२२ च्या मार्चमध्ये इकडे इराणात बर्दियाने स्वतःला राजा म्हणून जाहीर केलं. ही बातमी कळल्यावर कंबायसिस परत निघाला, पण वाटेतच मेला. बर्दियाला आता अडवणारं कोणी उरलं नाही. तरीही त्याचं राज्य धड सात महिने टिकलं नाही. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला काही मोजक्या सरदारांनी त्याला ठार केलं. त्यांतला एक जण मग राजा झाला. शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला डरायस म्हणून वाचलं, तोच हा दार्युश.

इथपर्यंत सरळ आहे. घोळ पुढे आहे.

आजच्या इराणात कर्मानशाहजवळ बेहिस्तून नावाचा कडा आहे. जमिनीपासून सुमारे शंभर मीटर उंचीवर दार्युशने तिथे जुनी फारसी, एलामी आणि बाबिलोनी अशा तीन भाषांत आपली हकिकत कोरून घेतली. (१८३५ पासून हेन्री रॉलिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने कड्यावर चढून तिची नक्कल उतरवली. कीलाकार लिपी वाचता आली ती मोठ्या प्रमाणावर तिच्यामुळे.) दार्युशचं म्हणणं असं, की खऱ्या बर्दियाला कंबायसिसने इजिप्तला जाण्यापूर्वीच गुपचूप मारलं होतं आणि लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. गादीवर बसला तो गौमात नावाचा एक मग, म्हणजे पुरोहित. लोक त्याला घाबरून होते, शेवटी मी आलो आणि त्याला मारलं. कड्यावरच्या चित्रात हा गौमात दार्युशच्या पायाखाली उताणा पडलेला आहे, हात वर करून.

आता वीस वर्षं फायली चाळणाऱ्या माणसाच्या नजरेने हा कागद बघा. राजाचा सख्खा भाऊ नाहीसा होतो आणि काही वर्षं कोणाला कळत नाही? त्याला आई, बायको, नोकरचाकर काहीच नव्हतं? हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने हीच गोष्ट सांगितली आहे. पण त्याच्याकडे खून होतो तो कंबायसिस इजिप्तमध्ये असताना. तोतयाचं नावही त्याच्याकडे वेगळं आहे. शिवाय त्याच्या मते तोतया सूसाच्या राजवाड्यात मारला गेला, तर दार्युश मीडियातल्या एका किल्ल्याचं नाव देतो. एकाच प्रकरणातल्या जबान्या इतक्या ठिकाणी जुळत नसतील, तर आमचे साहेबसुद्धा शेरा मारतील, ‘खुलासा मागवा’.

दुसरं म्हणजे वारसाहक्क. दार्युशचा बाप विश्तास्प आणि आजा अर्शाम, दोघेही तेव्हा हयात होते. हे दार्युशच्याच दुसऱ्या एका लेखात आलं आहे. मग बाप-आजाला ओलांडून हक्क नातवाकडे कसा गेला? आणि राज्यावर आल्यावर त्याने लग्नं केली ती सायरसच्या दोन मुलींशी, आणि बर्दियाच्या मुलीशीही. खऱ्या बर्दियाच्या, अर्थात!

या तथाकथित तोतयाने केलं काय? हिरोडोटसच्या सांगण्यानुसार त्याने साम्राज्यातल्या प्रजेला तीन वर्षांचा कर आणि लष्करी चाकरी माफ केली. तो मेल्यावर इराणी सोडून आशियातले सगळे लोक हळहळले. दार्युशचा आरोप मात्र असा, की याने लोकांची कुरणं, गुरं, घरं हिरावून घेतली. मला वाटतं, दोन्ही खरं असू शकेल. लहानांना माफी आणि मोठ्यांच्या जमिनींना हात, एवढं केलं की सरदार एकत्र यायला वेळ लागत नाही. तो खरा बर्दिया असावा, असं मानणारे इतिहासकार बरेच आहेत, आणि मीही त्यांच्याच बाजूचा.

त्याच्या खुनानंतर एलाम, बाबिलोन, मीडिया, पार्थिया अशी बंडं उसळली. खुद्द पार्समध्ये वह्यज्दात नावाचा माणूस ‘मीच बर्दिया’ म्हणत उभा राहिला आणि तिथलं सैन्य त्याला जाऊन मिळालं. दार्युशला एका वर्षात १९ लढाया लढाव्या लागल्या. ही संख्या त्याचीच. प्रत्येक बंडखोराबद्दल तो लिहितो की हा खोटं बोलला. खोटेपणासाठी त्याचा शब्द आहे ‘द्रौग’. आपला ‘द्रोह’ त्याच धातूचा. खोटं बोलणारा आणि राजद्रोही, दोघांसाठी एकच शब्द असला की दार्युशसारख्याचं काम किती सोपं होतं!

मला मात्र त्या कड्यापेक्षा बाबिलोनमधल्या मातीच्या लहान पाट्या जवळच्या वाटतात. देण्याघेण्याचे साधे व्यवहार, आणि प्रत्येकावर राजाच्या नावाने तारीख. इ.स.पू. ५२२ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतच्या पाट्यांवर राजा आहे बर्झिय, म्हणजे बर्दिया. काही पाट्यांवर त्याचं राज्यारोहणाचं वर्ष, तर काहींवर पहिलं वर्ष. मोजायचं कसं, हे वरून नीट कळवलेलं दिसत नाही! (‘कारकून’ हा आपला शब्दही फारशीच आहे, ते उगीच नाही.) ऑक्टोबरमध्ये त्याच पाट्यांवर बाबिलोनचा बंडखोर नेबुकदनेझर येतो आणि वर्ष संपता संपता दार्युश. कंबायसिस धरून एका वर्षात चार राजे. लिहिणाऱ्याने कोण खरा, कोण तोतया ते विचारलं नाही. ओली माती घेतली, नाव बदललं आणि खाली जवाचा हिशेब लिहिला.