वर्णनात्मक नोंदीपर्यंत

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या मराठी शाळांत इंग्रजी दीर्घकाळ पाचवीपासून शिकवली जाई आणि प्रगती जोखली जाई ती मुख्यतः लेखी उत्तरपत्रिकेवरून, त्यामुळे चार वाक्ये न बोलणारा विद्यार्थीही सुखाने उत्तीर्ण होई. २००० साली इंग्रजी पहिलीपासून आली, तरी मोजमापाची रीत पालटली ती २०१०च्या शासननिर्णयाने: शिकत असतानाचे ‘आकारिक’ आणि सत्राअखेरचे ‘संकलित’ असे मूल्यमापनाचे दोन भाग पडले व ‘सूचना समजतात, उत्तर मात्र मराठीत देतो’ अशा धाटणीची वर्णनात्मक नोंद शिक्षकांना वहीत करावी लागली, जी भरगच्च वर्गात साचेबंद होणे स्वाभाविकच होते. दहावीला मात्र, तृतीय भाषा म्हणून, ८० गुण लेखी परीक्षेकडेच राहिले.